धाटणी सारखी बदलली तर श्रोता टिकतो का?

प्रश्न थोडक्यात असा: खानापूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी, घरात वारकरी भजनाची परंपरा, नोकरी बेळगावात. गिटारवर स्वतःची गाणी लिहिते, गाते. पहिली काही मराठी गाणी शांत, भावगीताच्या अंगाची होती. मग केलेलं एक कन्नड गाणं त्याहून जास्त ऐकलं गेलं. आता हलगी-चौंडकं ही लोकवाद्यं घेऊन, बोलल्यासारखं, रॅपकडे झुकणारं काही करायचंय. घरचे आणि मित्र सांगतात, "एक काय ते धर, नाहीतर ओळख राहणार नाही." एक यूट्यूब चॅनेलवाला जुनी-नवी सगळी गाणी एकरकमी मागतोय. तिच्या डोळ्यांसमोर आहे अमेरिकेतली गायिका आनी डिफ्रँको. विचारते, धाटणी बदलत राहून, कुणा कंपनीच्या दारात न जाता, बेळगावात राहून हे जमेल का?

जमेल. आणि "एक काय ते धर" म्हणणारेही अगदीच चुकत नाहीत. काहीतरी धरावं लागतं हे त्यांचं बरोबर आहे, पण काय धरायचं ते ते चुकीचं सांगतात. ते म्हणतात धाटणी धर. मी सांगेन, बोली धरा. तुम्ही घरात, एसटीत, बाजारात जशा बोलता तो आवाज आणि त्या बोलण्याचा ठेका प्रत्येक गाण्यात राहू द्या, मग खाली गिटार असो की हलगी. बाकीचं उत्तर याच्याभोवतीच फिरणार आहे.

मी या भागात आधी ऑर्केस्ट्रात वाजवत होतो, आता बरीच वर्षं संयोजन आणि रेकॉर्डिंग करतो. भजनी मंडळ, बँजो पार्टी, कॉलेजातले बँड, जत्रेतले नाटकवाले असे सगळे येतात. त्यामुळे "धाटणी मिसळली की ओळख जाते" हे मला कुणी सांगितलं की हसू येतं. मिसळण्याचं काम इथल्या मातीत फार जुनं आहे. संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३चा. १८८० साली त्यांनी शाकुंतल मराठीत गाण्यांसकट उभं केलं. त्यांच्या नाटकांत साकी-दिंडीसारखे जुने छंद आहेत, लावणीच्या वळणाच्या चाली आहेत आणि कानडी पदांच्या चालीही आहेत. इकडे गोकाकच्या बाजूला श्रीकृष्ण पारिजात हे कानडी लोकनाट्य रात्ररात्र चालायचं, ते कानावर असलेल्या माणसाला यात काही नवल वाटलं नसणार. आज आपण त्या सगळ्याला एकच नाव देऊन शास्त्रोक्त-बिस्त्रोक्त म्हणून आदराने ऐकतो. त्या काळी ती सरळ भेसळ होती.

कुमार गंधर्व सुळेभावीचे, बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचे. क्षयामुळे १९४८ साली देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद. त्या काळात माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि पुढे त्यांतूनच नवे राग, लोकधुनांचे कार्यक्रम, कबीराची निर्गुणी भजनं आली. तांब्यांच्या कवितांचा कार्यक्रम वेगळा, तुकारामाचा वेगळा, बालगंधर्वांच्या गाण्यांचा वेगळा. घराणेवाल्यांनी नाकं मुरडली. पण कुठलाही कार्यक्रम लावा, दुसऱ्या ओळीला कळतं की कुमार आहेत. भीमसेन जोशी गदगकडचे. मराठीत संतवाणी, कन्नडात दासवाणी, मधे ख्याल. बेळगावात अशी कितीतरी घरं आहेत जिथे दोन्ही कॅसेट एकाच फळीवर असायच्या. श्रोत्याला तिथे भाषेची आणि प्रकाराची अडचण आली नाही, कारण गळा आणि स्वर लावण्याची रीत एकच होती.

आता तुमच्या डिफ्रँकोबद्दल. तिची गोष्ट लोक "कंपनीला नाही म्हणाली" एवढ्यावर संपवतात. खरं शिकण्यासारखं त्यापुढे आहे. १९९० साली, विसाव्या वर्षाच्या सुमारास, तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तीही न्यूयॉर्क शहरात नव्हे तर बफेलो या आपल्या गावी. गाडीतून फिरत छोट्या जागांत गायची आणि कॅसेट तिथेच विकायची. सुरुवातीला ती आणि गिटार, एवढंच. मग ड्रमवाला आला. पुढे बँड वाढला, २०००च्या आसपास पितळी वाद्यंही आली, गाणं जॅझ-फंककडे गेलं. आणि त्यानंतर २००४चा अल्बम तिने घरी बसून एकटीने वाजवला आणि रेकॉर्ड केला. २०१० साली तिच्याच कंपनीने दुसऱ्या एका गायिकेचं संगीत-नाट्य रेकॉर्ड म्हणून काढलं. त्यात डिफ्रँकोने गायलेली भूमिका २०२४ मध्ये ती ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभी राहून करत होती.

या सगळ्यात दोन गोष्टी हलल्या नाहीत. एक तिचा उजवा हात: नखांना टेप लावून तारांवर जवळजवळ ताल वाजवल्यासारखं वाजवणं. दुसरी तिची शब्दांची ठेवण, समोर बसलेल्या माणसाशी भांडत बोलल्यासारखी. आजूबाजूचं मात्र बदलत गेलं, आणि बहुतेक वेळा एका वेळी एकच थर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या बेतात मी पाहतोय ते असं, की पुढच्या गाण्यात गिटार नाही, चाल नाही, गाणंही नाही (बोलणं आहे), आणि भाषाही अर्धी-अर्धी. एवढं सगळं एका झटक्यात बदललं तर ऐकणाऱ्याला धरायला काही उरत नाही. तो तुमच्यावर रागावत नाही, नुसता पुढे सरकतो.

तुम्ही पाठवलेली गाणी मी शांतपणे ऐकली. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मराठी गाण्यांत तुम्ही पुण्याच्या आहात. "सांज", "व्याकुळ", "मनगाभारा". पण मला प्रश्न लिहिताना मात्र "मी सध्या असं करायलोय, घरचे असं म्हणायलेत" असं आपल्या इकडचं लिहिलंत! कन्नड गाणं जास्त चाललं याचं कारण लोक भाषेत शोधतायत, मला ते वेगळीकडे दिसतं. कन्नड तुमची शिकलेली नव्हे तर बाजारात आणि वर्गात उचललेली भाषा आहे, त्यामुळे तिथे तुम्हाला पुस्तकी लिहिताच आलं नाही. तुम्ही बोललात. आणि ते ऐकताना माणूस कोण, कुठला, हे कळलं. मराठीत हेच करा. "करायलोय"ला लाजू नका. आपली बोली विनोदासाठीच वापरायची असा एक समज पसरलाय, नकलाकारांनी तो पक्का केलाय. तिच्यात दुःखाचं गाणं कुणी फारसं लिहिलेलंच नाही. जागा मोकळी आहे.

छंदाचं सांगतो, कारण तुमच्याकडे घरचं भांडवल आहे आणि तुम्ही ते वापरत नाही. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा-सहा-सहा-चार अक्षरं असतात. शेवटचा चरण आखूड. भजनात त्या आखूड जागेनंतर टाळकरी धरतात. गिटारवर तीच जागा वाद्याच्या उत्तरासाठी सोडा, म्हणजे ब्लूजमध्ये गाणारा थांबतो आणि गिटार बोलते तसं आपोआप होतं. त्यासाठी अमेरिकन साचा आणायला नको. भजनी ठेका आठ मात्रांचा, तुमच्या चारच्या मोजणीत बसतो. उलट बोलल्यासारखं गायचं असेल तर कन्नड संतांच्या वचनांकडे बघा. बसवण्णांची, अक्कमहादेवींची वचनं मोजलेल्या अक्षरांची नाहीत, श्वासाने तुटतात, आणि शेवटी अंकित येतं: कूडलसंगमदेव, चेन्नमल्लिकार्जुन. आपल्याकडे "तुका म्हणे" येतं तसं. बोलीव प्रकारासाठी मुंबईच्या रॅपरांचं वळण उचलण्यापेक्षा हा श्वास उचला. यमक कमी जुळेल, पण ऐकणाऱ्याला ते इथलं वाटेल.

आता हलगी आणि चौंडकं. इथे तुम्ही स्टुडिओत पैसे घालवणार असं दिसतंय, म्हणून जरा थांबतो. हलगी तापवून चढवायची वस्तू आहे. खानापूरच्या पावसाळ्यात कातडं दर थोड्या वेळाने उतरतं, आणि चार तासांच्या बुकिंगमधले दोन तास शेकोटीत जातात. एकतर दिवाळीनंतर रेकॉर्ड करा, नाहीतर मे महिन्यात. माइक अगदी जवळ लावू नका, हलगीचा टणका फाटतो. हाताभर लांब, आणि खोली फार मोठी-घुमणारी नको. हलगीवाल्याला क्लिक (यंत्राचा ठरावीक ठोका) ऐकवून बांधू नका. ते लोक चालीच्या भरात किंचित पुढे सरकतात आणि मजा त्या सरकण्यातच आहे. आधी त्यांचं वाजवणं घ्या, गिटार नंतर त्याच्यावर बसवा. चौंडक्याची तार हाताच्या ओढीवर सूर बदलते. ज्या जोगतिणी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर ते वाजवत आल्यात त्यांचा सूर त्यांच्या गळ्याचा असतो, तुमच्या गिटारच्या पट्टीचा नव्हे. त्यांना तुमच्या पट्टीत ओढण्यापेक्षा तुम्ही गिटार त्यांच्या सुरात लावा. आणि त्यांचं नाव गाण्याच्या श्रेयनामावलीत वाद्यासकट लिहा, मानधन त्याच दिवशी हातात द्या. "लोककलाकार" असं मोघम लिहून उरकणाऱ्यांचं मला नवल वाटतं; ड्रमरला कुणी "पाश्चात्त्य कलाकार" लिहितं का?

तुमच्यासाठी माझा आग्रह असा: हलगीचं पहिलं गाणं मराठीतच करा, गिटार ठेवा, आणि गा. बोलू नका अजून. फक्त तालाचा थर बदला. पुढच्या गाण्यात बोला. त्याच्या पुढच्यात गिटार काढून टाकलीत तरी चालेल, तोवर लोकांना तुमचा आवाज शोधायची सवय झालेली असेल.

दोन भाषांचं गाणं, अर्धं कडवं मराठी अर्धं कन्नड, हे ऐकायला गोड वाटतं आणि टाळ्याही मिळवतं. पण बहुतेक वेळा ते ऐक्याच्या सरकारी जाहिरातीसारखं होतं. घरात जशी भाषा खरंच बदलते, आजी ओरडताना एका भाषेत आणि भाजीवाल्याशी घासाघीस दुसऱ्या भाषेत, तशी बदलत असेल तर जरूर लिहा. नाहीतर दोन वेगळी गाणी करा. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं आणि तुकोबांचे अभंग एकाच कार्यक्रमात, एकामागे एक, हे इथे उत्तम जमतं, कारण दोघंही संसाराला सारखेच चिमटे काढतात.

सीमाभाग म्हटल्यावर पुढची गोष्ट टाळून चालणार नाही. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिन. १७ जानेवारीला हुतात्मा दिन. या दिवसांच्या आसपास कार्यक्रम किंवा नवीन गाणं आलं की लोक गाणं ऐकत नाहीत, तुमची बाजू ऐकतात. तुम्हाला बाजू घ्यायची असेल तर उघड घ्या, तो तुमचा हक्क. नसेल तर तारीख चार आठवडे पुढे ढकला. आयोजक कुठला, मागच्या बॅनरवर काय लिहिलंय, हे होकार देण्याआधी विचारा. समोरून "मधेच कन्नड कशाला ओ?" किंवा त्याच्या उलटं कुणी ओरडलं, तर उत्तर देत बसू नका, पुढचं गाणं सुरू करा. वाद्यवृंदातल्या सगळ्या जुन्या लोकांनी हेच केलंय.

बेळगावात राहून जमेल का, तर नकाशा काढून बघा. धारवाड-हुबळी शंभर किलोमीटरच्या आत, कोल्हापूर साधारण ११०, चोर्ला घाटाने पणजी सव्वाशेच्या घरात. तीन दिशांना तीन प्रकारचे श्रोते, आणि रात्री घरी परत येता येतं. पुण्या-बंगळुरात राहणाऱ्या तुमच्या वयाच्या गायकाला ही सोय नाही, शिवाय त्याला भाडं भरायचंय. गोव्यात नोव्हेंबर ते मार्च हंगाम असतो, पण तिथल्या हॉटेलांना हिंदी-इंग्रजी ओळखीची गाणी हवी असतात. तिथे तासाभरात आपली दोन गाणी खपवायची आणि त्याबद्दल मनात कडू राहायचं नाही. धारवाडचा श्रोता सुराला कडक, शब्दाला प्रेमळ. कोल्हापूरला आवाज मोकळा लागतो. बेळगावात लोकमान्य रंगमंदिर भरवण्याची घाई करू नका. आधी कॉलेजांची गॅदरिंग, वाचनालयांचे कार्यक्रम, गणेशोत्सवातलं एखादं समजूतदार मंडळ. (डॉल्बी लावणाऱ्या मंडळाच्या शेजारचं मंडळ घेऊ नका.) रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम आहे, त्यामुळे तुमची वेळ साडेनऊची लिहिली असेल आणि आधी तीन भाषणं असतील, तर तुम्ही गाणारच नाही आहात. आगाऊ निम्मी रक्कम घेतल्याशिवाय तारीख राखू नका, मग आयोजक मामा असले तरी.

ऑनलाइनचं लवकर आटपतो, कारण तिथे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. एवढंच लक्षात ठेवा: स्पॉटिफायवर नवं गाणं संपादकांसमोर ठेवायचं असेल तर ते निघण्याच्या आधीच पाठवावं लागतं, शक्यतो किमान सात दिवस आधी, आणि तिथे प्रकार आणि भाषा नेमकी भरावी लागते. धाटणी बदलणाऱ्याने नेमकी हीच जागा हलगर्जीपणाने भरली की मराठी हलगीचं गाणं "पॉप" म्हणून कुठेतरी हरवतं. २०२४पासून तिथे मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. म्हणून वर्षाला वीस गाणी टाकण्यापेक्षा चार टाका आणि प्रत्येकाच्या मागे लागा. सगळी गाणी एकाच नावाने काढा. मराठीला एक नाव, कन्नडला दुसरं, रॅपला तिसरं, ही कल्पना चांगली वाटते आणि तीन अर्धवट कलाकार तयार करते.

आता चॅनेलवाला. इथे घाईने सही करू नका. एकरकमी पैसे आणि एक व्हिडिओ, बदल्यात "सर्व हक्क कायमस्वरूपी", असा तो कागद असतो. मी इथे तो अनेकांच्या हातात पाहिलाय. कायदा तुमच्या बाजूने जितका आहे तितकं तुम्हाला माहीत असायला हवं. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही; तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे जाऊ शकतो. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कागदात काय लिहिलंय याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही वाचायचं. माझा सल्ला: जुनी गाणी देऊच नका. एखादं नवं गाणं त्याला तीन वर्षांच्या परवान्यावर द्या, मालकी नको. तो पटकन "मग राहू द्या" म्हणाला तर त्याला तुमचं गाणं नको होतं, तुमची यादी हवी होती. आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्या. गीत तुमचं, चाल तुमची, दोन्ही बाजूंनी नोंद होते.

याच्याच उलट बाजू: दुसऱ्याचं घेताना. अभंग आणि शरीफांची पदं मोकळी आहेत, शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण आज ओठांवर असलेल्या चाली मोकळ्या असतीलच असं नाही. शरीफांच्या कितीतरी पदांच्या लोकप्रिय चाली सी. अश्वत्थ यांनी बांधलेल्या आहेत, आणि संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं तो हक्क राहतो. गावातल्या भजनी मंडळाची पिढीजात चाल घेतलीत तर तो प्रश्न येत नाही, आणि खरं सांगायचं तर ती चाल जास्त चांगली असते. आजोबांच्या मंडळाच्या चाली आधी फोनवर तरी रेकॉर्ड करून ठेवा, वापरा न वापरा.

नोकरी सोडू नका. निदान दोन हंगाम तरी. नोकरी असलेला गायक "नाही" म्हणू शकतो, आणि धाटणी बदलणाऱ्याला दर वर्षी कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं: ज्यांना जुनंच गाणं पुन्हा हवं असतं त्यांना. कन्नड गाणं चाललं म्हणून तशीच अजून पाच मागणारे येतील. एक करा, तेही तुम्हाला सुचलं तर.

रेकॉर्डिंगला याल तेव्हा हलगीच्या गाण्याचे शब्द लिहून आणू नका. कुणाला तरी गोष्ट सांगावी तसं ते एकदा फोनमध्ये बोलून आणा, न गाता, घरच्या मराठीत. ठेका मी त्या बोलण्यातून काढेन. आणि हलगीवाल्यांना सकाळी दहाची वेळ द्या, म्हणजे अकरापर्यंत येतील.